म्यागनमचा करगोटा

खंडाळ्याच्या एका पारशी बंगल्याच्या आउटहाउसात माझं बालपण गेलं. वडील तिथं माळी होते. पुढं माळी, रखवालदार, वायरमन, सगळंच. आजोळ आंदर मावळात, ठोकळवाडी धरणाच्या पाण्यापलीकडं. आज सत्तावन्नाव्या वर्षी मी पेनसिल्व्हेनियात राहतो आणि दर हिवाळ्यात परवाना काढून हरणाच्या शिकारीला जातो. पहिली रायफल निवडायला मी जेवढा वेळ घेतला, तेवढा लग्नाची मुलगी बघताना घेतला नव्हता. बायकोला हे ठाऊक आहे. बायकोच्या बाबतीत चुकलो नाही, रायफलीच्या बाबतीत चुकलो. कसा, ते सांगतो.

१. मॅग्नम हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो बंदुकीसाठी नव्हे, बाटलीसाठी. बंगल्याचे मालक शेटजी, त्यांच्याकडं नवरोजला शँपेनची एक अवाढव्य बाटली यायची, नेहमीच्या दोन बाटल्यांएवढी, दीड लिटरची. तिला ते ‘मॅग्नम’ म्हणायचे. आणि कपाटात, हिरव्या बनातीच्या खोळीत, त्यांची पॉइंट ३७५ रायफल होती; तीही मॅग्नम. वडील म्हणायचे ‘म्यागनम’. मला वाटायचं, शेटजींकडं जे जे मोठं असतं त्याला म्यागनम म्हणतात. फार चुकत नव्हतो. बंदूकवाल्यांनी हा शब्द शँपेनवाल्यांकडूनच उचलला: घर तेच, दारू जास्त. हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कंपनीनं पॉइंट ३७५ काडतूस १९१२ साली काढलं, आफ्रिकेतल्या आणि हिंदुस्थानातल्या मोठ्या जनावरांसाठी. मला कळू लागलं तोवर ती रायफल निवृत्त झाली होती. १९७२चा वन्यजीव कायदा आला आणि शेटजींनी बंदूक खाली ठेवली. त्या कायद्यात सुरुवातीला काही प्राण्यांसाठी परवान्याची वाट होती, १९९१च्या दुरुस्तीनं तीही बुजवली. दिवाणखान्यात सांबराची शिंगं तेवढी राहिली, त्यांवर पाहुण्यांच्या टोप्या. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, शेटजींच्या परवानगीनं वडील ती रायफल कोयता, कात्री आणि खुरप्याशेजारी पाटावर ठेवायचे आणि तिला झेंडूचं फूल वाहायचे. फूल वाहिलेली वस्तू माणूस सहजी विसरत नाही.

२. रायफल घेताना माझ्यासमोर हरीण नव्हतं, दुकानदार होता. अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळाल्यावर, २००६ साली, शेजाऱ्याच्या नादानं मी शिकार-शिक्षणाचा वर्ग केला. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला तो सक्तीचा असतो. वर्गात अकरा-बारा वर्षांची पोरं आणि मिशीवाला मी. दिवसभर शिकवलं ते बंदुकीचं तोंड कुठं ठेवायचं, डोक्यावर आणि छाती-पाठीवर भडक नारिंगी किती घालायचं, हरणाच्या मागं काय आहे हे आधी कसं बघायचं. कोणती गोळी घ्यावी यावर मास्तर पाच मिनिटंही बोलले नाहीत. मला वाटलं, यांना विषय येत नसावा. दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, “शिकार कशाची?” हरणाची, म्हटलं. त्यानं मध्यम जातीच्या दोन रायफली काढून ठेवल्या. माझी नजर त्याच्या डोक्यावरच्या फळीवर. तिथं लिहिलेलं होतं, पॉइंट ३०० विंचेस्टर मॅग्नम. त्या क्षणी माझ्या हातात झेंडूचं फूल होतं असं समजा.

३. पेनसिल्व्हेनियातलं पांढऱ्या शेपटीचं हरीण म्हणजे काही रानगवा नव्हे, हे मला मोजमाप करून पटवावं लागलं. मोठा नर साठ-पासष्ट किलोंचा, मादी पन्नासच्या आसपास. आपल्याकडचा हिशेब लावायचा तर भेकर वीस-पंचवीस किलोंचं, पिसोरी मांजराएवढी, आणि सांबराचा नर दोनशेच्या पुढं. म्हणजे हे हरीण भेकर आणि सांबर यांच्या मधलं, पण झुकतं माप भेकराकडं. त्याच्यासाठी मी जी गोळी घेतली ती १८० ग्रेनची. ग्रेन हे ब्रिटिशांचं वजन, आणि गंमत अशी की ब्रिटिशांनी आपला तोळा ठरवला तोही बरोबर १८० ग्रेनांचा. मी एकेका चापाला एकेक तोळा उडवत होतो. हे पुढं आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “सोन्याचा असता तर तुझी बायको अडवती.”

४. खांद्याला इंग्रजी येत नाही, त्यामुळं जाहिरात वाचून त्याची समजूत पटत नाही. त्या रायफलीची लाथ मध्यम रायफलीच्या दीडपट. मी पहिल्या दिवशी नेमबाजीच्या मैदानावर वीस बार काढले, घरी येऊन खांद्यावर बर्फ ठेवला आणि बायकोला सांगितलं, फ्रीझरचं दार लागलं. दुसऱ्या आठवड्यात नेम पसरू लागला. तिसऱ्या आठवड्यात कागदाच्या बाहेर. दोष मी दुर्बिणीला दिला, वाऱ्याला दिला, काडतुसांच्या खोक्याला दिला. शेजारी, सत्तरीचा पोलाद कारखान्यातला निवृत्त कामगार, बाकावर बसून बघत होता. तो म्हणाला, आण इकडं, मी भरून देतो. त्यानं पाठ करून रायफल भरली आणि माझ्या हातात दिली. मी श्वास रोखला, माशीसारखी ती दुर्बिणीतली काडी ठिपक्यावर आणली, चाप ओढला आणि ‘टक्’. बार नाहीच. त्यानं नकली काडतूस घातलं होतं. पण बार झाला नाही तरी नळी मात्र हातभर खाली गेली, डोळे मिटले, खांदा आकसला. सगळं माझं मी केलं होतं. आजूबाजूच्या बाकांवर चार माणसं होती; त्यांनी सभ्यपणे दुसरीकडं बघितलं. अपमान एवढा स्वच्छ असतो हे मला माहीत नव्हतं. पन्नास रुपयांच्या नकली काडतुसानं जे दाखवलं ते मला गोळ्यांचे हजार पानांचे तक्ते वाचून दिसलं नव्हतं. मी गोळीला घाबरत होतो, आणि गोळी माझ्याच बाजूची होती.

आता मी कधीकधी दुसऱ्यांना हाच प्रयोग करून दाखवतो. गंमत वाटते. वाटू नये, पण वाटते.

५. तक्ते वाचायचेच तर शेवटच्या रकान्यापर्यंत वाचावेत. मॅग्नमचा मोठा गुण म्हणून सांगितला जातो तो सपाट मार्ग: गोळी लांब जाऊनही फार खाली येत नाही. दोनशे यार्डांवर नेम बसवला तर माझी तोळाभराची मॅग्नम गोळी तीनशे यार्डांवर सहा-सात इंच खाली उतरते. थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे १९०६ सालचं म्हातारं सैनिकी काडतूस, त्याच अंतरावर आठ-साडेआठ इंच. आणि पॉइंट २७० विंचेस्टर, १९२५ सालचं, पाऊण तोळ्याहून हलकी गोळी, ते जवळजवळ माझ्याइतकंच. म्हणजे दीडपट लाथा खाऊन मी कमावलं काय, तर दीड-दोन इंच. तेही तीनशे यार्डांवर. आमच्या जंगलात झाडोरा असा की शंभर यार्डांपलीकडं हरीण दिसलं तर लोक फोन करून सांगतात.

६. करगोट्याची गोष्ट इथंच सांगून टाकतो, कारण ती मला फार आवडते. मॅग्नम काडतुसाच्या बुडाशी पितळेचीच एक उभार कड असते, तान्ह्या पोराच्या कमरेला करगोटा असावा तशी. मला वाटायचं ती ताकद आवरायला असते, पिंपाला पट्टी मारतात तशी. तसं काही नाही. जुन्या पॉइंट ३७५मध्ये कॉर्डाइट भरायचं. शेवयांसारख्या लांब काड्या असतात त्या. त्या आत सरकाव्यात म्हणून काडतुसाचे खांदे उतरते ठेवले. उतरत्या खांद्यांवर काडतूस नळीत नीट टेकत नाही, आत किती जाऊन थांबायचं ते कळत नाही, म्हणून थांबायला ही कड दिली. (कॉर्डाइट उन्हाळ्यात चेकाळतं, दाब वाढतो. म्हणून हिंदुस्थानसाठी जरा कमी दारूची वेगळी काडतुसं विलायतेहून यायची. आपल्या वैशाखाचा धाक लंडनपर्यंत होता, हे वाचून मला उगाच अभिमान वाटला.) पुढं कॉर्डाइट गेलं, खांदे चांगले ऐसपैस झाले, काडतूस खांद्यावरच टेकू शकलं असतं. १९६३ साली माझं पॉइंट ३०० आलं तेव्हा कडेची गरज उरली नव्हती. पण कड नसेल तर गिऱ्हाइकाला मॅग्नम वाटत नाही, म्हणून ती राहिली. माझ्यासारख्या गिऱ्हाइकासाठी.

७. पहिलं हरीण पडलं, आणि मला ते आठवायला आवडत नाही. तेव्हा आमच्याकडं रायफलीचा मोसम थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा. त्या दिवशी गावोगावच्या शाळांना सुट्टी. (२०१९पासून तो शनिवारी उघडतो.) दुपारी चारच्या सुमाराला ओढ्याच्या काठानं एक नर चालत आला. साठ पावलं. एवढ्या अंतरावरून आजोळच्या मामानं गोफणीनं त्याच्या शिंगाला दगड मारला असता. मी चाप ओढला, आणि ओढता ओढता तेच सगळं केलं जे नकली काडतुसावर केलं होतं. गोळी फुफ्फुसात जायची ती पोटात गेली. हरीण कमानीसारखं वाकलं आणि झाडीत शिरलं.

शेजारी आला. लगेच मागं धावायचं नाही, म्हणाला, बसायचं. दोन-अडीच तास आम्ही थंडीत बसलो. मग त्यानं खिशातून टॉयलेट पेपरची गुंडाळी काढली. रक्ताचा थेंब दिसला की कागदाचा तुकडा पाचोळ्यावर ठेवायचा, मग मागं वळून कागदांची ओळ बघायची. जनावर कुठं वळतंय ते कळतं. दहा-बारा कागद झाले की थेंब बंद. मग गुडघ्यांवर बसून उलटलेली पानं बघायची. विजेरीच्या उजेडात मी ते करत होतो आणि मला सारखा मामा आठवत होता. मामा आणि त्याचा कातकरी सोबती असेच ओणवे होऊन माग काढायचे. “पानाला इचार,” मामा म्हणायचा, “पान खोटं बोलत न्हाई.” रात्री नऊ वाजता हरीण ओढ्यात सापडलं. मेलेलं होतं, पण लवकर मेलं नसणार. शेजारी मला रागावला नाही. त्यानं माझी रायफल हातात घेतली, तिचं वजन केल्यासारखं केलं आणि एवढंच म्हणाला, की तोफ छान आहे. त्याच्याकडं त्याच्या आजोबांची थर्टी-थर्टी होती, १८९५ सालच्या काडतुसाची. त्या वर्षी त्यानं एकच गोळी वापरली.

मांस घरी आणलं. बायकोनं गोडा मसाला घालून शिजवलं, मुलांनी वाखाणलं. मी वरण-भात जेवलो.

८. आमच्या मामाकडं पीकसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती, आणि तिच्यात रायफलीचा एकही गुण नव्हता. तोंडातून दारू घालायची, वर चिंधी, गजानं ठासायचं, मग छर्रे, पुन्हा चिंधी, बुडाशी टिकली बसवायची. सगळं करून पावसाळी हवेत ती फुसकीही निघायची. दुसरा बार भरेपर्यंत डुक्कर दुसऱ्या गावात. म्हणून मामाचं सगळं शहाणपण बार काढण्याच्या आधीचं. वारा कुठला, पाय कुठं टाकायचा, खोकला कसा गिळायचा. किती जवळ जायचं, असं मी लहानपणी विचारलं होतं. तो म्हणाला, “त्याच्या डोळ्याची पापणी मोजता आली पायजेल.” मला ती फुशारकी वाटली होती. जिम कॉर्बेटनं कितीतरी नरभक्षक मारले ते हलक्या पॉइंट २७५ रिग्बीनं, आणि बेल नावाच्या स्कॉटिश शिकाऱ्यानं तसल्याच काडतुसानं आफ्रिकेत शेकडो हत्ती पाडले, हे मी पुस्तकांत वाचलं होतं. वाचून काय समजलो? की ते थोर होते. ते जवळ जात होते, हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. (हत्ती शेकडो पाडले याचं कौतुक करावं का, हा प्रश्नही तेव्हा शिरला नव्हता.)

पेनसिल्व्हेनियात नाताळानंतर एक वेगळा मोसम असतो, १९७४पासून. त्यात फक्त चकमकीची ठासणीची बंदूक चालते. डॉक्टर, वकील, सगळे बर्फात उभे राहून तोंडातून दारू ठासतात, आणि त्या बंदुकांना कधीकधी रायफलीहून जास्त पैसे मोजतात. फोनवर मामाला हे सांगितलं. बराच वेळ तो हसतच होता. मग म्हणाला, “आरं, मग माझी धाड की तिकडं.”

९. मॅग्नम विकताना जे वाईट वाटलं ते रायफलीसाठी नव्हतं. तीन मोसमांनंतर विकली. पॉइंट २७० घेतली, साधी, लाकडी दस्त्याची, करगोटा नसलेली. खांदा हळूहळू विश्वास ठेवू लागला. त्याला दोन वर्षं लागली. पण मॅग्नम गिऱ्हाइकाच्या गाडीत गेली त्या संध्याकाळी मला खंडेनवमीचा पाट दिसत राहिला. माळ्याच्या पोराकडं शेटजींची वस्तू होती, एवढंच त्या रायफलीचं काम होतं, आणि ते तिनं चोख केलं होतं. हरणाचा तिच्याशी काही संबंध नव्हता. वडिलांना तिचा फोटो मी कधीच पाठवला नाही, ही मात्र आता चुटपुट आहे.

१०. मावळातलं रान मी सोडून गेलो तसं राहिलेलं नाही, आणि काही बाबतींत तस्संच आहे. नोव्हेंबर २०२४मध्ये गेलो. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांसमोर गाड्यांच्या रांगा, खंडाळ्याचा बंगला आता कुणातरी तिसऱ्याचा. पण धरण ओलांडलं की तेच. खाचरांत इंद्रायणी भात उभं. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून आलेला हा वाण, त्याचा वास माणसाला आवडतो तसा डुकरांनाही. रात्रीत एक कळप अर्धं खाचर लोळवून जातो. पिकाची नासाडी करणारं डुक्कर मारायची परवानगी वनखात्याकडून मिळू शकते, २०१५पासून त्याची रीत ठरलेली आहे. भेकराला आणि सांबराला हात लावायचा नाही, आणि मामा लावतही नाही. “त्येनं काय, चार लोंब्या खाल्ल्या,” म्हणतो. पण डुकरासाठीही बंदूक घरात हवी ना. विधानसभेची निवडणूक होती; परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा. “बंदूक ठाण्यात, डुकरं वावरात,” मामा म्हणाला. शहाऐंशीचा आहे. अजून माळ्यावर चढतो.

त्या रात्री मीही चढलो. चार बांबू, वर पेंढा, खाली शेकोटी, हाताशी तेलाचं रिकामं डबडं आणि काठी. अकराच्या सुमाराला देवराईच्या बाजूनं भेकर भुंकलं. कुत्र्यासारखं, पण कुत्र्याच्या आवाजात नसतं ते काहीतरी त्यात असतं. पुन्हा भुंकलं. मी सवयीनं अंतर काढू लागलो: दीडशे यार्ड, वारा डावीकडून. मामानं माझ्याकडं बघितलं.

“हरणं मारतोस म्हनं तिकडं.”

“परवाना असतो, मामा. वर्षाला एखादं.”

“आन् ती पहिली बंदूक, इकली म्हनालास. कितीची हुती?”

मी निम्मी किंमत सांगितली. तीही रुपयांत सांगताना मोठी वाटली. मामा बोलला नाही. त्याचा अंगठा बोटांवरून पेराला पेर सरकत होता. भाताची पोती मोजत असावा. दोन्ही हात संपले, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. मग खालच्या बांधावर काहीतरी खसपसलं, त्यानं मोजणं सोडलं, डबडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः कांबळं ओढून आडवा झाला.

“मला झोप आली,” म्हणाला. “आली तर वाजीव.”